हवा बाधलेले शहर

माशेलहून पणजीला जाणारी सकाळची बस बाणस्तारीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात जुने गोवे येते. गेली बावीस वर्षे मी या रस्त्याने नोकरीला जातो आहे. खिडकीजवळची जागा मिळाली तर बॉम जेझसची गिलावा नसलेली तांबूस भिंत दिसते, मागच्या टेकडीवर सांत आगुस्तिनचा अर्धा उरलेला मनोरा दिसतो, आणि मग बस वळण घेऊन रायबंदरच्या बांधाला लागते. एकदा शेजारी सोलापूरचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी बराच वेळ बाहेर पाहून मला विचारले, "अहो, इथे चर्चेस एवढी मोठाली, मग घरे कुठे आहेत?" मी पटकन सांगून टाकले, "हवा बाधली म्हणून माणसे उठून गेली."

उत्तर बरोबर होते आणि चूकही होते. आम्हा गोवेकरांना शाळेपासून तेच सांगितलेले आहे. पण त्या एका वाक्यात अडीचशे वर्षांची गोष्ट दडलेली आहे, आणि ती गोष्ट अलीकडे मला पुन्हा उघडून बघावी लागली. त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या वाड्यावरच्या डोंगराच्या सड्यावर एक मोठी निवासी वसाहत यायची आहे. तिच्या पर्यावरणीय अहवालाची झेरॉक्स प्रत एका मित्राने माहितीच्या अधिकाराखाली मिळवली आणि "तू इतिहासाचा माणूस, जरा वाचून बघ" म्हणून माझ्याकडे दिली. मी बी.ए. इतिहास, पेशाने कारकून. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण कागद वाचायची सवय आहे. त्या अहवालात हवेवर एक स्वतंत्र प्रकरण होते. ते वाचताना मला जुने गोवे आठवत राहिले.

नवी वस्ती करण्याआधी तिथली हवा कशी आहे हे पाहावे, आणि वस्ती झाल्यावर ती कशी होईल याचा अंदाज बांधावा, ही कल्पना आपल्याला आजकालची वाटते. गोव्यात राज्यकर्त्यांनी राजधानी कुठे असावी हा प्रश्न तीनदा तरी हवेच्या मुद्द्यावर काढला होता. एकदा चुकले, एकदा माणसे मेली, आणि एकदा चुकीच्या कारणाने बरोबर निर्णय झाला.

१५१० साली आफोन्सु द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून शहर घेतले तेव्हा ते मांडवीच्या काठचे भरभराटीचे बंदर होतेच. १५३० मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साऱ्या मुलखाची ती राजधानी झाली. दर वर्षी लिस्बनहून जहाजे येत. सहा सहा महिने समुद्रावर काढलेली, हिरड्या सुजलेली, तापाने फणफणलेली माणसे या धक्क्यावर उतरत. शहर वाढले ते दाटीवाटीने. डोंगराच्या पायथ्याशी, नदी आणि खाजनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत देवळासारखी उंच चर्चेस, मठ, वाडे आणि बाजार. आपली जमीन जांभ्या दगडाची. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी मुरवणारा. त्यात घराच्या मागच्या बाजूला शोषखड्डा आणि पुढच्या बाजूला विहीर. वरच्या घराचे सांडपाणी खालच्या घराच्या विहिरीत झिरपत होते, आणि तेच पाणी राजवाड्यापासून गुलामाच्या खोपटापर्यंत सगळे पीत होते.

१५४३ साली शहरात पटकीची मोठी साथ आली. या रोगाला पोर्तुगीजांनी जे नाव दिले ते आपल्याकडूनच घेतले. आपण ज्याला मोडशी म्हणतो त्याचे त्यांनी 'मोर्देशी' केले, आणि पुढे फ्रेंचांनी त्याचे 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचे रूप बनवले. मराठी-कोकणी आजीच्या तोंडचा शब्द युरोपच्या वैद्यकात असा शिरला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात या मोडशीचे वर्णन केले आहे, रोग्याची नाडी आणि घाम कसा असतो, डोळे कसे खोल जातात, हे सारे. (पणजीच्या म्युनिसिपल बागेला याच ओर्ताचे नाव आहे. बागेतल्या बाकावर बसून पेपर वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल की तो मेल्यावर बारा वर्षांनी, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता म्हणून, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.)

त्या काळच्या वैद्यकाला पाण्यातले जंतू ठाऊक नव्हते. हिप्पोक्रेटिसपासून चालत आलेली समजूत अशी, की कुजक्या पाण्यातून, दलदलीतून, साचलेल्या घाणीतून दूषित वाफ उठते आणि ती श्वासावाटे शरीरात जाते. दुर्गंध हीच रोगाची खूण. इटालियन भाषेत 'वाईट हवा' या दोन शब्दांचाच मलेरिया झाला. आपल्याकडचे 'हवा बाधणे', 'हवापालट करणे' हे त्याच्या फार दूरचे नाही. माझी आई अजून म्हणते, "तिथली हवा त्याला मानवली नाही." त्यात पाणी, डास, जेवण, शेजार, सगळे काही येते.

शहर रिकामे होऊ लागले ते सतराव्या शतकात. डचांनी व्यापार ओढून नेला आणि त्याच सुमारास साथी वारंवार येऊ लागल्या. ज्यांना शक्य होते ते रायबंदरला, पणेलीला, नदीच्या खालच्या अंगाला राहायला गेले. म्हणजे राजाचा हुकूम येण्याआधी लोकांनीच आपल्यापुरता हवेचा अभ्यास करून टाकला होता. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कुठल्याही अहवालात सर्वांत उशिरा जे येते ते तिथे राहणाऱ्याला सर्वांत आधी कळलेले असते.

यानंतरचा भाग आमच्या माशेलच्या अंगणातलाच म्हणायला हरकत नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे म्हणजे जुन्या गोव्याच्या अगदी समोर, मध्ये फक्त पाणी. विजरई कोंदी द आल्व्होर तो परत घ्यायला गेला आणि जखमी होऊन कसाबसा परतला. शहर पडणार अशी परिस्थिती झाली तेव्हा त्याने बॉम जेझसमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मोगलांचा शहाजादा शाहआलम कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना परत फिरावे लागले आणि शहर वाचले. पण आल्व्होरने ओळखले होते, की ही जागा आता राजधानीची नव्हे. तटबंदी राखायला माणसे नाहीत, आणि माणसे नाहीत कारण हवा. त्याने राजधानी मुरगावच्या भूशिरावर न्यायचे ठरवले. तीन बाजूंना समुद्र, उंच कातळ, खारा वारा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे याहून शुद्ध हवा गोव्यात दुसरीकडे नव्हती.

कामे सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. लिस्बनहून हुकूम यायचा, गोव्यातून अडचणींचे पत्र जायचे, उत्तर यायला वर्ष लागायचे. जुन्या शहरातल्या मठवाल्यांना आणि घरवाल्यांना हलायचे नव्हते, आणि पैसा तर नव्हताच. शेवटी मुरगावचा बेत बारगळला. सरकारी कामांत माझे आयुष्य गेले असल्यामुळे मला या भागाचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. फाइल बंद झाली नाही, नुसती जुनी झाली.

दरम्यान विजरईंनी स्वतःपुरती सोय केली. सतराव्या शतकाच्या शेवटी ते पणेलीला राहायला गेले. पणेलीतही साथ आली तेव्हा १ डिसेंबर १७५९ रोजी कोंदी द एगाने आपला मुक्काम पणजीला, मांडवीच्या तोंडाशी असलेल्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला. हाच तो वाडा, जिथे नंतर अनेक वर्षे आमचे सचिवालय होते. मुक्तीनंतरचे किती तरी मंत्री आणि त्यांच्याहून किती तरी जास्त कारकून त्या वाड्याचे जिने चढले. एका विजरईला तापाची भीती वाटली म्हणून आम्हा सर्वांचा पत्ता ठरला.

पणजी तेव्हा शहर नव्हते. नारळीची भाटे, कोळ्यांची आणि गावकऱ्यांची घरे, थोडी शेते, आणि बाकी सारी दलदल. रायबंदरला जोडणारा बांध कोंदी द लिन्यारिशने १६३३-३४ च्या सुमारास घातला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना खाजने आणि मिठागरे. वाईट हवेची जी लक्षणे पुस्तकात दिली होती ती सारी पणजीत हजर होती, साचलेले पाणी, चिखल, भरती-ओहोटीचा वास. तरीही ती निवडली गेली, कारण विजरई तिथे जगला. मूल्यमापनाचा निकष एवढाच.

मधे एक भीषण प्रकार होऊन गेला. पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री मार्केस द पोंबाल याच्या मनाने घेतले, की जुने गोवे हेच साम्राज्याचे वैभव आणि ते पुन्हा उभे राहिलेच पाहिजे. लिस्बन १७५५ च्या भूकंपातून त्याने उठवले होते, त्यामुळे त्याला शहरे उठवण्याचा आत्मविश्वास होता. १७७४ मध्ये त्याच्या आज्ञा गोव्याला आल्या. ओसाड घरे साफ करायची, रस्ते मोकळे करायचे, लोकांना परत आणायचे. हे काम करायला जे मजूर नेले गेले ते तिथे तापाने मोठ्या संख्येने मेले. पोंबालची सत्ता गेली, पैसा आटला, आणि काम सोडून दिले गेले. त्या मजुरांची नावे कुठे नाहीत. ते आमच्याच गावांतून नेलेले असणार असे माझे मन सांगते, पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मनाचे ऐकून चालत नाही.

पणजीची खरी घडण केली ती दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने, १८२७ ते १८३५ या आठ वर्षांत. त्याने दलदली भरून काढल्या, ओढे बांधले, आखीव रस्ते काढले, सैन्याच्या बराकी उभारल्या, कांपालची जागा मोकळी केली. जुन्या गोव्यातल्या पडक्या वाड्यांचे दगड नदीमार्गे पणजीत आले आणि नव्या भिंतींत बसले. डोंगराच्या कुशीतल्या फोंतेन्याशची भाटे त्याच्या आधीच मोझांबिकहून परतलेल्या आणि म्हणून 'मोसमीकर' म्हणवल्या जाणाऱ्या एका धनिकाने विकसित केली होती. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नोव्हा गोवा' हे नाव आणि राजधानीचा दर्जा मिळाला.

आता गंमत पाहा. दों मानुएलने दलदल बुजवली ती तिच्यातून विषारी वाफ निघते म्हणून. १८८० मध्ये लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात रोग्याच्या रक्तात मलेरियाचा परोपजीवी जंतू पाहिला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात दाखवला. म्हणजे वाफ नव्हतीच, होते ते डास. पण दलदल बुजवल्याने डास कमी झाले, म्हणून 'हवा' सुधारली. कारण चुकीचे, उपाय बरोबर. जुन्या गोव्यात मात्र उलटे झाले होते. हवेला दोष देत राहिले, चर्चमध्ये धूप जाळत राहिले, आणि विहिरीकडे कोणी पाहिले नाही.

या जुन्या 'वाईट हवे'चा एक उत्तरार्ध माझ्या आठवणीतला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरियाने पुन्हा डोके वर काढले. या वेळी दलदल नव्हती. शहरात इमारतींची कामे धडाक्याने चालली होती. स्लॅबवर पाणी साठवून काँक्रीट पिकवायचे, बॅरलमध्ये पाणी भरून ठेवायचे, उघड्या टाक्या, आणि बाहेरून आलेले मजूर ज्यांच्या रक्तात जंतू आधीच असायचा. शहरी पाण्यात वाढणाऱ्या ॲनाफिलीस स्टिफेन्सीला आणखी काय हवे होते? पुढे किनाऱ्यावर हॉटेले उठू लागली तेव्हा कळंगुट-कांदोळीतही तेच झाले. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र सक्तीचे झाले ते यातून. नवी वसाहत हवा बाधवते हे जुने वाक्य पुन्हा एकदा खरे ठरले, वेगळ्याच अर्थाने.

आणि आजचा अर्थ तर अगदी शब्दशः हवेचाच आहे.

देशात हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. पण घरे बांधण्याने हवा बिघडते हे कायद्याला उमगायला बराच काळ लागला. कारखान्याला धुरांडे असते, ते दिसते. वसाहतीला धुरांडे नसते. १९९४ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत कारखाने, धरणे, खाणी होत्या. मोठी बांधकामे तिच्यात २००४ मध्ये आली. १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना निघाली आणि वीस हजार चौरस मीटरपासून पुढची बांधकामे परवानगीच्या कक्षेत ठेवली गेली. दीड लाख चौरस मीटर बांधकामाची किंवा पन्नास हेक्टरांची वसाहत असेल तर छाननी अधिक. वीस हजारांच्या खाली काहीच विचारायचे नाही. आपल्या गोव्यात हा आकडा फार मोठा आहे. वीस हजारांच्या आतल्या पाच इमारती एका सड्यावर पाच वेगवेगळ्या नावांनी उभ्या राहिल्या, तर कागदोपत्री हवेला काहीही झालेले नसते.

वाचकांना आठवत असेल, तेच २००६ साल गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ च्या वादाचे होते. डोंगर आणि शेते वसाहतींसाठी खुली केली म्हणून गावोगाव लोक उठले, गोवा बचाव अभियान उभे राहिले, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या सभांत पाणी, झाडे, शेती, गोंयकारपण यांवर पुष्कळ बोलले गेले. मीही दोन सभांना मागे उभा होतो. हवेवर कोणी बोलल्याचे आठवत नाही. हवा आम्हाला अखंड मिळतच राहणार होती.

त्या अधिसूचनेतली एक गोष्ट मला अहवाल वाचताना कळली आणि मी दोनदा वाचली. खाणीला, कारखान्याला जनसुनावणी लागते. निवासी वसाहतींना ती माफ आहे. कोळशाच्या प्रश्नावर २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये वास्कोत कितीतरी दिवस सुनावणी चालली आणि लोकांनी एकेक करून माइकसमोर जाऊन आपल्या घरातल्या काळ्या धुळीबद्दल सांगितले, ते शक्य झाले कारण प्रकल्प बंदराचा होता. (तीच मुरगाव, आल्व्होरची शुद्ध हवेची राजधानी!) वसाहत असती तर माइक नसता.

आता अहवालाकडे येतो. त्यातल्या हवेच्या हिशेबाची पद्धत थोडक्यात अशी. आधी आज हवा कशी आहे ते मोजायचे. प्रकल्पाच्या जागी आणि आसपास काही ठिकाणी यंत्रे ठेवायची, पावसाळा सोडून एका ऋतूत, बारा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, चोवीस चोवीस तास. बारीक धूळ, अति बारीक धूळ, गंधकाचा आणि नत्राचा वायू. मग प्रकल्पाने भर किती पडेल ते गणिताने काढायचे. बांधकामाची धूळ, जनरेटरचा धूर, राहायला येणाऱ्यांची वाहने. वाऱ्याचा वेग आणि दिशा घालून ही भर कुठे जाऊन पडेल ते सूत्राने ठरवायचे. आजचे अधिक उद्याचे, ही बेरीज २००९ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय मर्यादेच्या आत आली की झाले. दहा मायक्रॉनहून बारीक धुळीला चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, अडीच मायक्रॉनच्या धुळीला ६०, आणि या दुसरीची वार्षिक सरासरी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच वार्षिक सरासरी ५ असावी असे सांगितले. चाळीस आणि पाच. दोन्ही आकड्यांच्या मध्ये माणूसच श्वास घेतो.

पद्धत वाईट नाही. पोंबालकडे ही असती तर ते मजूर कदाचित वाचते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पावसाळा वगळणे हा काही लबाडीचा भाग नव्हे. कोरड्या दिवसांतच हवा अधिक वाईट असते, त्यामुळे तिथेच मोजणे योग्य. माझे भांडण आकड्यांशी नाही. यंत्रे कुठे ठेवली आणि वारा कुठला घेतला याच्याशी आहे.

वाऱ्याचा नकाशा पणजीच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून घेतला आहे. ते केंद्र आल्तिनोवर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर. आमचा डोंगर तिथून आत, नद्या आणि कुळागरांच्या मध्ये. आमच्याकडे दुपारी समुद्रावरून वारा येतो तो पश्चिमेचा, आणि रात्री तो पडतो. मार्गशीर्ष-पौषात पहाटे बघावे, पाचोळा जाळलेला धूर कुळागरांवर चादरीसारखा अडकलेला असतो, सूर्य वर येईपर्यंत हलत नाही. खालची हवा गार, वरची उबदार, मधे झाकण बसल्यासारखे होते. त्या चार तासांत डोंगरावर जे काही उडेल किंवा जळेल ते खोऱ्यातच उतरणार. पण चोवीस तासांची सरासरी काढली की पहाटेचे चार तास दुपारच्या वाऱ्यात विरघळून जातात. आकडा मर्यादेत येतो.

बांधकामाच्या धुळीचा हिशेब पाहिला. एकरी दर महिन्याला १.२ टन धूळ, असे गृहीत धरले आहे. हा आकडा आला कुठून म्हणून इंटरनेटवर शोधले तर तो अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यांतला निघाला, आणि तिथे सोबत स्पष्ट लिहिले आहे, की तो निमकोरड्या हवामानातल्या बांधकामांसाठी आहे. आमच्याकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जांभ्याचा सडा भाजून निघतो. जांभा यंत्राने कापला की त्याची जी तांबडी भुकटी होते ती पाहिलेल्याला सांगायला नको. खरा आकडा १.२ पेक्षा कमी असेल किंवा जास्त, मला ठाऊक नाही. अहवाल लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही, पण त्याने तो दशांशचिन्हासकट लिहिला आहे. पाणी मारल्याने धूळ निम्म्यावर येईल असेही गृहीत धरले आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाड्यावर प्यायला टँकर येतो. तेव्हा सड्यावर कोण पाणी मारणार? पणजीतही २०२४ मध्ये स्मार्ट सिटीच्या खोदाईची धूळ इतकी झाली, की उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर येऊन पाहणी करावी लागली. राजधानीत ही गत.

आणि बांधकाम तीन-चार वर्षांत संपते. "परिणाम तात्पुरता व नगण्य" असे अहवालात लिहिले आहे. समजा तीनशे सदनिका आहेत आणि घरटी दीड वाहन धरले. साडेचारशे वाहने रोज खाली उतरणार आणि वर चढणार, आणि चढ चढताना गाडी जास्त धूर ओकते हे बसने जाणाऱ्या कोणालाही नाकाने कळते. आमचा रस्ता दोन बस समोरासमोर आल्या तर एकीने मागे घ्यावी असा. हे कुठल्या चार वर्षांत संपणार?

आमच्या पूर्वजांच्या घराच्या जागा पाहिल्या की जाणवते, त्यांना नेमके सूत्र माहीत नव्हते पण रीत होती. शेत मोकळे ठेवायचे, सडा मोकळा ठेवायचा, घर डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या शेतापेक्षा थोडे वर. सड्यावर गुरे चरायची, पाणी मुरायचे, वारा मोकळा वाहायचा. ही रीत कोमुनिदादींच्या काळापासूनची आहे. तिच्यात शहाणपण किती आणि सड्यावर विहीर लागत नाही ही व्यावहारिक अडचण किती, याचा हिशेब मी मांडत नाही. परिणाम मात्र असा झाला, की आम्ही सारे त्या सड्याच्या खाली राहतो.

यंत्रे चार ठिकाणी ठेवली होती. एक खुद्द सड्यावर, दोन पश्चिमेला हमरस्त्याच्या बाजूला, एक उत्तरेला शाळेपाशी. दुपारचा वारा पश्चिमेचा. म्हणजे धूळ पूर्वेला जाणार. पूर्वेला आमचा वाडा, सत्तावीस घरे. तिथे एकही यंत्र नव्हते. नकाशावर वाड्याची जागा हिरव्या रंगाने 'वृक्षाच्छादित' म्हणून दाखवली आहे. माडांखाली घरे आहेत, वरून दिसत नसतील.

आईला दमा आहे. वय ऐंशीच्या पुढे. सड्यावर सपाटीकरणाची यंत्रे आली त्या आठवड्यापासून तिने माजघराची पश्चिमेची खिडकी उघडलेली नाही. मी सांगितले, "अगं, अजून परवानगीच व्हायची आहे, नुसती साफसफाई चालली आहे." ती म्हणाली, "परवानगी त्यांना पाहिजे, धुळीला नाही."

गेल्या सोमवारी अर्धा दिवस रजा काढून मी अर्ज दिला. वाड्यावर, पूर्वेच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीत एक यंत्र ठेवावे आणि पहाटेचे आकडे तासागणिक वेगळे द्यावेत, एवढीच मागणी. खिडकीवरच्या मुलाने शिक्का मारून आवक क्रमांक दिला आणि माझ्याकडे बघून ओळखीचे हसला. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या एका बाईंचा तो मुलगा. "काका, साहेबांकडे वरती ठेवतो," म्हणाला. येताना बस रायबंदरच्या बांधावरून आली. ओहोटी होती, खाजनातला तो ओळखीचा वास आत आला, आणि पुढच्या बाकावरच्या कोणीतरी काच ओढून घेतली.